सातव्या प्रश्नातला गृहस्थ

सूचना: सगळे प्रश्न सोडवणं आवश्यक आहे. कच्चं काम खोडू नये.

प्रश्न पहिला

एक बाई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सोळा वर्षं कापड कापते. त्यातली चौदा वर्षं तिने कटिंग मास्तरच्या हाताखाली काढली. मग मास्तर निवृत्त झाले. गेली दोन वर्षं ती एकटी कापते. काम मास्तरचं करते, पगार हाताखालच्या बाईचा घेते. तर ती मास्तर कधी होईल?

हे गणित तिने मॅनेजरला पाच वेळा घातलं. चार वेळा त्याने ‘बघू’ असं उत्तर दिलं. पाचव्या वेळी म्हणाला, “परीक्षा आहे.”

“कसली?”

“लेखी. दहा गणितं. सहा बरोबर आली पाहिजेत. मालकांनीच ठरवलंय, मास्तरला हिशेब यायला हवा. कापड महाग झालंय.”

“आधीच्या मास्तरांना कुठे येत होता? ते वितीने मोजायचे.”

“म्हणूनच.”

“सोळा वर्षांत माझ्या हातून एक तागा वाया गेलाय का?”

“मी कुठे नाही म्हणतोय, ताई? फक्त सहा. सातवीचं पुस्तक आहे. मुलं सोडवतात.”

मूल तिच्याकडे एक होतं. चौदा वर्षांची लेक. गणितात पहिली, बोलण्यात त्याहून पहिली.

परीक्षेला आणखी दोघं बसणार होते. इस्त्रीवाला, त्याला कुणी हिशेबात धरत नव्हतं. आणि स्टोअर सांभाळणारा. त्याच्या कमरेला अकरा किल्ल्या, आणि शब्दही तो मोजून द्यायचा, म्हणून मशीनवरच्या बायका त्याला कुलूप म्हणायच्या. तोंडावर म्हणायच्या. तो हसायचा. हसणंसुद्धा अर्धं, उरलेलं आत ठेवून.

उत्तर: परीक्षा पास झाल्यावर.

प्रश्न दुसरा

“वाच,” लेक म्हणाली.

भात चुलीवरून उतरला होता, आमटीला उकळी यायची होती. आई ओट्याला टेकून उभी होती. पुस्तक तिने हात लांब करून धरलं होतं, चष्मा कारखान्यात राहिला होता.

“एका गृहस्थाने आपल्या पगाराचा एक तृतीयांश भाग घरभाड्यावर खर्च केला. एक चतुर्थांश भाग किराण्यावर खर्च केला. उरलेल्या रकमेचे दोन पंचमांश मुलांच्या शिक्षणावर खर्च केले. तेव्हा त्याच्याजवळ तीन हजार उरले. तर त्याचा पगार किती?”

“काय कळलं?”

“सुखी माणूस आहे.”

“आई.”

“तीन हजार उरले म्हणतोय. महिनाअखेरीला?”

“तारीख दिलेली नाही.”

“तेच तर. तारीख द्यायला हवी. पाच तारखेला माझ्याकडेपण उरतात.”

“तुला मास्तर व्हायचंय की नाही?”

“व्हायचंय.”

“मग पगार क्ष मानू.”

“का म्हणून मानू?”

“कारण तो आपल्याला माहीत नाही.”

“माहीत नसलेल्या पगारातून हा भाडं देतोय? याचा घरमालक कोण आहे मला दाखव.”

लेकीने कपाळावर हात मारला. आमटी उतू गेली. त्या दिवशी एवढंच झालं.

कच्चं काम
(वहीच्या शेवटच्या पानावर, आईच्या अक्षरात)

गृहस्थाची बायको कुठे आहे? तिचा पगार यात धरलाय का?

मुलं शिकतात फक्त. आजारी पडत नाहीत?

चप्पल कशातून घेतो? उरलेल्यातून, की उरलेल्याच्या उरलेल्यातून?

भाडं पगाराचा तिसरा हिस्सा. पगार वाढला की भाडंही वाढणार का? मग वाढवून घेतो कशाला?

(खाली, लाल पेनाने, लेकीच्या अक्षरात) विषयाला धरून लिहा. शून्य गुण.

प्रश्न दुसरा, दुसऱ्यांदा

दुसऱ्या दिवशी आईने कारखान्यातून कापडाची एक लांब पट्टी आणली. काठाची, फेकून द्यायची. ती तिने जमिनीवर अंथरली, टेप लावला, साठ इंचांवर खडूने रेघ मारली आणि कात्री चालवली.

“हा त्याचा पगार,” ती म्हणाली.

“साठ का?”

“साठाला तीन जातात, चार जातात, पाच जातात. कुणाशी भांडत नाही तो आकडा.”

लेक पुस्तक मिटून जवळ सरकली. आईने पट्टीच्या तीन घड्या घातल्या, एक घडी भाड्याची म्हणून मोजली, खूण केली, कापली. मग साठाचा पाव भाग मोजला, कापला. तोंडाने काही बोलत नव्हती. कापताना ती कधीच बोलत नसे. उरलेल्या तुकड्याचे पाच भाग केले, दोन कापले. हातात राहिलेला तुकडा टेपवर धरला आणि बराच वेळ बोटांवर काहीतरी करत बसली.

“तेरा हजाराला पन्नासेक कमी.”

लेकीने मागचं पान उघडलं. “बारा हजार.”

“छापण्यात चूक असेल.”

“तुझ्या कापण्यात असेल. बघू.” तिने तुकडे टेपवर ठेवले. “भाड्याचा तुकडा वीस हवा. हा साडेवीस आहे. किराण्याचा पंधरा हवा. हा साडेपंधरा. प्रत्येकाला अर्धा इंच जास्त! अर्धा इंच कसला?”

आईने तुकड्यांकडे पाहिलं. खरंच होतं. तिला कळलंही नव्हतं.

“शिलाईचा,” ती म्हणाली.

“काय?”

“शिलाईत जातो तेवढा. नेमक्या मापावर कापलं तर शिवल्यावर आखूड होतं. हाताला सवय आहे.”

“आई, हे पैसे आहेत. पैशाला शिलाई नसते.”

“कोण म्हणतं? भाडं भरायला जाताना बसला पैसे लागतात. किराण्याबरोबर पिशवी घ्यावी लागते. तुझ्या शाळेची फी भरली त्या दिवशी वर सांगितलं, वह्यांना खाकी कव्हरं घाला. तो अर्धा इंच नाही तर काय आहे?”

लेकीने भाड्याचा तुकडा पुन्हा टेपवर ठेवून पाहिला.

“हे खरंय,” लेक म्हणाली. “पण पुस्तकात नाही. पुस्तकातला माणूस बरोब्बर तेवढेच देतो.”

“मग त्याचे कपडे आखूड होत असणार.”

“होऊ देत. आपल्याला त्याला कपडे शिवायचे नाहीत. मार्क घ्यायचेत.”

आईने दुसरी पट्टी घेतली. नेमक्या रेघेवर कात्री ठेवताना तिचा हात दोनदा मागे आला. तिसऱ्यांदा तिने डोळे बारीक केले आणि कापलं. वीस. पंधरा. उरले पंचवीस. त्यातले दहा. उरले पंधरा.

“पंधरा इंच म्हणजे तीन हजार,” ती म्हणाली. “एक इंच दोनशे. साठ इंच बारा हजार.”

“आलं!” लेक ओरडली. “क्ष न मानता आलं.”

“मग तो क्ष कशाला लागतो?”

“ज्यांच्याकडे पट्टी नाही त्यांना.”

मग लेकीने तिला ताळा करायला शिकवलं. आलेलं उत्तर परत गणितात घालायचं आणि सगळं जुळतंय का बघायचं. बारा हजारातले चार हजार भाडं, तीन हजार किराणा, उरले पाच, त्यातले दोन हजार शिक्षण, उरले तीन. जुळलं.

“म्हणजे शिवलेलं अंगावर घालून बघायचं,” आई म्हणाली.

“हो. तसंच.”

“हे मला आवडलं. बाकीचं सगळं नसतं तरी चाललं असतं.”

प्रश्न तिसरा ते सहावा

आले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

प्रश्न सातवा

परीक्षा शनिवारी सकाळी स्टोअरच्या खोलीत झाली. तागे भिंतीला लावून उभे केले होते, तिघं उलट्या खोक्यांवर बसली होती, मांडीवर पुठ्ठे. मॅनेजर दारात खुर्ची टाकून घड्याळाकडे बघत होता. पेपर त्याने स्वतः टाइप केला होता. कुणी पुस्तकातून पाठ करून येऊ नये म्हणून आकडे बदलले होते, हे त्याने सुरुवातीलाच सांगितलं. सांगताना खूश दिसत होता.

सातवं गणित असं होतं:

एका गृहस्थाने आपल्या पगाराचा निम्मा भाग घरभाड्यावर, एक तृतीयांश भाग किराण्यावर आणि एक चतुर्थांश भाग मुलांच्या शिक्षणावर खर्च केला. उरलेले पाचशे त्याने बचतीत टाकले. तर त्याचा पगार किती?

आला का हा, ती मनात म्हणाली, आणि पेपराच्या काठावर साठ लिहिलं. निम्मे तीस. तिसरा हिस्सा वीस. पाव हिस्सा पंधरा. बेरीज केली.

पासष्ट.

तिला वाटलं, पुन्हा शिलाई धरली. तिने सगळं खोडलं (खोडू नये असं लिहिलं होतं), पुन्हा मांडलं. तीस, वीस, पंधरा. यात कुठेही अर्धा इंच नव्हता. तिसऱ्यांदा तिने साठ सोडून बारा घेतले. सहा, चार, तीन. तेरा. मग तिने पेपराचीच कड दुमडून पाहिली. निम्मी घडी. तिसऱ्या हिश्शाची घडी. पाव हिश्शाला कागदच उरला नाही.

शेजारी कुलूप खाली मान घालून लिहीत होता. त्याच्या किल्ल्या अधूनमधून वाजत होत्या. तो आठव्यावर गेला. मग नवव्यावर. ती अजून सातव्यावरच.

सोडून पुढे जावं, हे तिला कळत होतं. सोडवेना. साठ मीटरच्या ताग्यातून पासष्ट मीटर काप असं कुणी सांगितलं, तर ती काय करते? सांगणाऱ्याला बोलावते.

तिने लिहिलं: या गृहस्थाकडे काही उरत नाही. साठातले पासष्ट खर्च झाले. त्याला पाच कमी पडतात. पाचशे उरले हे खरं नाही. पगार सांगता येणार नाही.

खाली रेघ मारली. आठ, नऊ, दहा, तिन्ही व्याजाचे होते, आणि हातात सात मिनिटं राहिली होती.

प्रश्न आठवा, नववा, दहावा

चुकले.

निकाल

सोमवारी सकाळी कारखान्याच्या दारावर निकालाचा कागद चिकटवला होता, खाली तपासलेले पेपर टाचले होते. स्टोअर: सहा. कटिंग: पाच. इस्त्री: दोन. पेपरातलं दुसरं गणितही चुकलं होतं, गडबडीत तिने गुणाकाराच्या जागी भागाकार केला होता. ते तिला मान्य होतं. सातव्यावर लाल फुली होती. ती मान्य नव्हती.

तिने आपला पेपर काढून घेतला आणि मॅनेजरच्या खोलीत गेली.

“सातव्याचं उत्तर काय आहे तुमच्याकडे?”

“सहा हजार.”

“कसे आले?”

“सोपं आहे हो. निम्मा, तिसरा आणि चौथा मिळवा. तेरा बारांश येतात. पगार म्हणजे बारा बारांश. फरक किती? एक बारांश. एक बारांश म्हणजे पाचशे. बारा गुणिले पाचशे, सहा हजार.”

“तेरा हा खर्च आहे ना?”

“हो.”

“आणि बारा पगार.”

“हो.”

“मग बारातून तेरा कसे गेले?”

“बारातून तेरा नाही, ताई. तेरातून बारा. मोठ्यातून लहान वजा करायचं. शाळेत शिकवलं नाही का?”

तो थट्टा करत नव्हता.

“बरं. ताळा करू,” ती म्हणाली. “सहा हजार पगार. निम्मा भाड्याला, तीन हजार. तिसरा हिस्सा किराण्याला, दोन हजार. पाच झाले. पाव हिस्सा शाळेला, पंधराशे. साडेसहा झाले. सहा हजारातून साडेसहा खर्च केले आणि वर पाचशे वाचवले. साहेब, हा माणूस काम कुठे करतो? मलाही तिथे लावून द्या.”

मॅनेजरने पेपर ओढून घेतला. कॅल्क्युलेटर काढला. बटणं दाबली, पुसली, पुन्हा दाबली. बाहेर मशीनचा आवाज चालू होता. त्याचे कान हळूहळू लाल झाले. मग तो उठला आणि दार लोटून घेतलं.

“हे बघा,” त्याने आवाज खाली आणला. “पेपर आणि उत्तरं मी शुक्रवारीच मालकांना पाठवलीत. आता गणितच चुकलं म्हणून सांगू? माझी काय किंमत राहील?”

“तुमचं तुम्ही बघा. माझे सहा होतात.”

“होतील. मी कुठे नाही म्हणतोय?” त्याने पेन्सिल पुढे केली. “हे तुमचं खोडा आणि सहा हजार लिहा. फुलीची बरोबर करतो. दोघांचे सहा-सहा होतील. मग नोकरी कुणाची जुनी ते बघायचं. तुमची सोळा वर्षं, त्याची नऊ. आजच्या आज मास्तर. दुपारी पत्र काढतो.”

पेन्सिलीला मागे खोडरबर होता.

हेच तिला हवं होतं. दोन वर्षं हवं होतं. चार ओळी खोडायच्या, दोन शब्द लिहायचे. लेकीला संध्याकाळी सांगता आलं असतं. लेकीने विचारलं असतं, सातवा कसा सोडवलास?

“नाही,” ती म्हणाली.

“का नाही?”

“उद्या तुम्ही साठ मीटरचा तागा द्याल आणि पासष्टचं काम सांगाल. मी म्हणेन पुरत नाही. तुम्ही म्हणाल, का? पेपरात तर पुरवलं होतंस. वर उरवलं होतंस.”

“पेपर वेगळा, काम वेगळं.”

“तुम्हीच म्हणालात, मास्तरला हिशेब यायला हवा.”

“ताई, तुम्हाला मास्तर व्हायचंय की मला खोटं पाडायचंय?”

“खरं लिहून मास्तर व्हायचंय. तुम्ही मध्ये उभे आहात त्याला मी काय करू?”

ती पेन्सिल तिथेच ठेवून निघाली. पेपर मात्र घेऊन निघाली.

प्रश्न सातवा, पुन्हा

कारखान्यात एक रीत होती. चिठ्ठीशिवाय कापड कापायचं नाही. कापलेलं कापड जोडता येत नाही, म्हणून ताग्याला कात्री लागण्याआधी चिठ्ठी लिहायची: कशाला किती, उरणार किती. चिठ्ठीवर दोन सह्या. एक मॅनेजरची, कापायला हरकत नाही म्हणून. दुसरी स्टोअरची, उरलेलं कापड माझ्याकडे जमा होईल म्हणून. जमा झालं नाही तर ते स्टोअरवाल्याच्या पगारातून जायचं.

तिने साठ मीटरचा तागा टेबलावर घेतला. पांढरा, दवाखान्याच्या ऑर्डरचा. चिठ्ठीवही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

शर्ट, तागा निम्मा. पँट, तागा एक तृतीयांश. एप्रन, तागा एक चतुर्थांश. उरलेलं कापड पाच मीटर, स्टोअरमध्ये जमा.

चिठ्ठी फाडली, ताग्यावर ठेवली, वर कात्री ठेवली. स्टूल ओढून बसली.

पहिला अर्धा तास कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मशीनच्या रांगेतून एक जण ओरडली, “मावशी, बाह्या संपल्या!”

“चिठ्ठीवर सही व्हायचीय.”

“कॉलर आहेत का?”

“त्याही नाहीत.”

एक मशीन थांबलं. मग तिसऱ्या रांगेतली दोन. बायका माना वर करून बघू लागल्या. कुणीतरी डबा उघडला. चौथ्या रांगेतल्या म्हातारीने चष्मा काढून पुसला आणि मोठ्याने विचारलं, “मावशीचं काय बिनसलंय गं?” शेजारीण म्हणाली, “गणित बिनसलंय.” आणखी मशीन थांबली. इतक्या वर्षांत ऐकू न आलेला पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

मॅनेजर आला.

“काम का थांबलंय?”

“सही करा. कापते.”

त्याने चिठ्ठी वाचली. पहिल्यांदा भरभर, मग सावकाश.

“हे काय आहे?”

“तुमचं सातवं गणित आहे. शनिवारच्या पेपरात तुम्ही मान्य केलंय. आज सही करा.”

“असं कसं कापता येईल? साठ मीटर आहे हे.”

“निम्मे तीस, तिसरा हिस्सा वीस, पाव हिस्सा पंधरा. उरलेले पाच. तुमच्या हिशेबाने उरतात ना?”

मागे एक बाई फिसकन हसली आणि पदराने तोंड दाबलं. मॅनेजरने तिकडे पाहिलं. सगळ्या एकदम गंभीर झाल्या.

“याला बोलवा,” तो म्हणाला. “स्टोअरला बोलवा.”

कुलूप आला. निकालाचा दिवस म्हणून तो नवा शर्ट घालून आला होता, सकाळीच निकाल वाचला होता. दारावरच्या कागदाप्रमाणे तोच मास्तर होता. त्याने चिठ्ठी हातात घेतली, खिशातून पेन काढलं आणि सवयीने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. पाच मीटर जमा.

पेन थांबलं.

त्याने चिठ्ठी वरपासून वाचली. ओठ हलत होते. त्याने ताग्याकडे पाहिलं, परत चिठ्ठीकडे.

“हे पाच मीटर मी कुठून जमा करू?” तो म्हणाला.

“पेपरात केलेस की,” ती म्हणाली.

“कमी पडतंय हे. उरत नाहीये.”

“शनिवारी उरलं होतं.”

“शनिवारी...” त्याने मान खाजवली. सगळा कारखाना ऐकत होता. कुलूप एवढं बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. “शनिवारी मला पण पासष्टच आले होते. मग म्हटलं, आपलंच चुकलं असेल. पुस्तकातल्या माणसाकडे उरतंच. सगळ्या गणितांत उरतं. घरी उरत नाही ते आपल्याला येत नाही म्हणून, असंच वाटलं मला. मग पाचशे कसे उरतील ते बघत बसलो आणि बसवून टाकले.”

“मग कर सही,” मॅनेजर चिडून म्हणाला.

“पेपरावर लिहिलं ते लिहिलं. चिठ्ठीवर नाही करणार. माझ्या पगारातून जातील.” त्याने पेन खिशात घातलं. चिठ्ठी परत ताग्यावर ठेवली. मग जरा वेळाने, कुणी न विचारता, म्हणाला, “माझे पाच करा.”

“तुला कळतंय का काय म्हणतोयस?”

“कळतंय. किल्ल्या आहेत माझ्याकडे. त्या पुरे.”

तो वळला आणि नव्या शर्टात परत स्टोअरकडे गेला. दारावरचा निकालाचा कागद मात्र त्याने काढला नाही.

मॅनेजर टेबलाच्या कडेला टेकला. घाम पुसला.

“ठीक आहे. सातवा प्रश्न रद्द करू. सगळ्यांसाठी. पुढच्या सोमवारी नवीन पेपर.”

“रद्द का? मी सोडवलाय.”

“तुम्ही उत्तरच काढलं नाही.”

“नाही हेच उत्तर आहे. तीन माणसांत एकटीने काढलंय. मी पास झालेय साहेब. पास झालेलं माणूस परत परीक्षेला बसत नाही.”

“आणि दवाखान्याची ऑर्डर?”

“खरी चिठ्ठी लिहिते, सही करा. दहा मिनिटांत कापायला कापडाचा पहिला थर लावते.”

“मालकांना काय सांगू?”

“सांगा की मास्तरला हिशेब येतो.”

वरच्या मजल्यावर फोन वाजत होता. बहुधा मालकांचाच, मशीनचा आवाज का येत नाही म्हणून. त्यांचं ऑफिस बरोबर वर होतं. मॅनेजरने छताकडे पाहिलं. मग हात पुढे केला. “द्या तो पेपर.”

तिने दिला. पण कागदाची एक कड सोडली नाही.

त्याने लाल पेनाने सातव्यावरची फुली गिरवून गिरवून बरोबरची खूण केली. वर, कोपऱ्यात, पाच खोडून सहा लिहिले. मग त्यापुढे कंसात बारीक अक्षरात आणखी एक शब्द लिहिला आणि पेनाचं टोपण लावलं.

तिने कागद जवळ घेतला. चष्मा होता आज.

(सवलतीने.)

“हे काय?”

“अहो, तसं लिहावं लागतं. उत्तरसूचीप्रमाणे नव्हतं ना. सहा तर झाले!”

“कुणी दिली सवलत?”

“ताई, आता एका शब्दावरून...”

“खोडा.”

“काय फरक पडतो?”

“काही पडत नसेल तर खोडा.”

मशीनच्या रांगांमध्ये कुणी हललं नाही. फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. मॅनेजरने टोपण काढलं. त्या शब्दावर त्याने एक रेघ मारली.

तिने कागद खिडकीच्या उजेडात धरला. शब्द अजून वाचता येत होता.

“नीट,” ती म्हणाली.